मामाकडे राहतो की मामाला सोसतो?

दोस्तांनो, हे इंग्रजी वाक्य एकदा मोठ्यानं वाचा पाहू : 'आय ॲम पुटिंग अप विथ माय अंकल.'

काय अर्थ लावलात? 'मी सध्या मामाकडे राहतोय', असाच ना? (अंकल म्हणजे मामा, काका, मावसोबा की आत्याचे यजमान, हे इंग्रजीत कळायची सोय नाही. तो वेगळाच गोंधळ! आपण मामाच धरू.)

आता अशी कल्पना करा, की अकरावीसाठी तुम्ही गाव सोडून पुण्याला आलात. मामाचं दोन खोल्यांचं घर. मामा प्रेमळ, मामी त्याहून प्रेमळ. सकाळी गरमागरम पोहे, रात्री उशिरापर्यंत अभ्यास केला तर न मागता दुधाचा पेला. अगदी मजेत चाललंय तुमचं. इंग्लंडमधल्या एका ओळखीच्या मुलीला तुम्ही हे सगळं कौतुकानं कळवायला बसता आणि पहिल्याच ओळीत वरचं वाक्य लिहून मोकळे होता. तिचं उत्तर काय येईल, सांगू? 'अरेरे! फारच त्रास देतात का रे तुझे मामा? अजून किती दिवस काढायचेत तुला तिथे?'

कारण तिनं वाचलं ते असं : 'मी सध्या माझ्या मामाला कसाबसा सहन करतोय.'

बिचारे मामा! आणि गंमत म्हणजे वाक्यात चूक एकही नाही. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर. कॉम्प्युटरचा चुका शोधणारा प्रोग्रॅमही त्याखाली तांबडी रेघ ओढणार नाही. बाकी सगळं ठीक, फक्त अर्थ उलटा! तेव्हा मामांच्या अब्रूसाठी तरी आज या 'पुट अप विथ'ची नीट चौकशी करू या.

तीन चिमुकले शब्द

'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे बरोबर, सोबत. तिन्ही शब्द अगदी लहानपणी शिकलेले. आता करा बेरीज : 'सोबत वर ठेवणे'! यातून 'सोसणे' कसं निघालं बुवा? निघत नाहीच. इंग्रजीत क्रियापदाच्या शेपटीला असे एक-दोन चिमुकले शब्द लागतात आणि मूळ अर्थ बघता बघता कुठल्या कुठे जातो. 'गिव्ह' म्हणजे देणे, पण 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे. 'लुक' म्हणजे पाहणे, पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. अशा जोडक्रियापदांना 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव तसं अलीकडचं. लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे ते रूढ झालं. दुखणं मात्र जुनं आहे. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली आपला प्रचंड इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यानं कबूल करून टाकलंय, की परक्या माणसाला आमच्या भाषेत सगळ्यात जास्त अडचण येते ती या शेपटीवाल्या क्रियापदांची.

'कबूल करून टाकलंय' असं मी आत्ता लिहिलं. त्यात जॉन्सननं काय टाकलं? कुठे टाकलं? काहीच नाही! म्हणजे पाहा, इंग्रजांना हसायचं कारण नाही. हा खेळ आपणही रोज खेळतो. 'मी रागाच्या भरात बोलून गेलो', यात कुणी कुठे जात नाही. 'काय करून बसलास हे!' असं आई ओरडते, तेव्हा तुम्ही बहुधा उभेच असता. 'जेवून घे', 'सांगून ठेव', 'फाडून टाक', 'हसून घालवलं'. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला विचारा, तो या 'घे', 'ठेव', 'टाक'पुढे हात टेकतो. तुम्हाला मात्र कुणी न शिकवता कळतं, की 'टाकणे' आलं म्हणजे काम एकदाचं संपवलं, आणि 'बसणे' आलं म्हणजे पस्तावायची वेळ आली. फरक एवढाच, की आपण एका क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडतो आणि ते 'वर', 'खाली', 'आत', 'बाहेर' असे दिशा दाखवणारे शब्द जोडतात.

आणि योगायोग बघा, 'पुट अप विथ'ला मराठीत सगळ्यात फिट्ट बसणारा शब्दही असाच जोडशब्द आहे : 'खपवून घेणे'. 'यापुढे तुझा आळस मी खपवून घेणार नाही!' हे वाक्य ज्यांनी घरी कधीच ऐकलं नसेल, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

बाकीच्यांसाठी सांगतो. 'सहन करणे' आणि 'खपवून घेणे' यांत एक बारीक फरक आहे. दाढदुखी आपण सहन करतो, खपवून घेत नाही. खपवून घ्यायला समोर कुणाचं तरी वागणं लागतं आणि 'नाही' म्हणायचा थोडा तरी अधिकार लागतो. 'पुट अप विथ' या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभं आहे. इंग्रज माणूस पावसालाही पुट अप विथ करतो, दाढदुखीलाही करतो आणि शेजारच्यांच्या मोठ्यानं लावलेल्या गाण्यांनाही करतो. पण तिन्ही ठिकाणी एक गोष्ट पक्की असते : ती वस्तू त्याला आवडत नाही. कुरकुर आहे, पण भांडण नाही. नाराजी आहे, पण निभावून नेलं जातंय. ही कुरकुर या शब्दात आतूनच भरलेली असते, ती काढता येत नाही. म्हणून आवडत्या माणसाबद्दल हा शब्द वापरताना फार जपावं लागतं.

मग 'राहणे' कुठून आलं?

आता तुम्ही म्हणाल, 'पण आमच्याकडे तर सगळेच म्हणतात! व्हेअर आर यू पुटिंग अप?' खरंय. गाडीत, लग्नघरात, होस्टेलवर हा प्रश्न हमखास ऐकू येतो. आणि तो अगदी हवेतून आलेला नाही. प्रवासात एखाद्या खानावळीत किंवा हॉटेलात उतरणं याला जुन्या इंग्रजीत 'पुट अप ॲट' म्हणत. साहेबाच्या देशात ते आता जुनाट वाटतं. आपल्याकडे मात्र ते ठणठणीत आहे. म्हणजे 'आय ॲम पुटिंग अप ॲट माय अंकल्स' म्हटलंत तर जरा जुन्या वळणाचं वाटेल, पण मामांची अब्रू शाबूत राहील. 'ॲट'च्या जागी 'विथ' आलं की घात झाला! सरळ 'आय ॲम स्टेइंग विथ माय अंकल' म्हणा, काहीच धोका नाही.

याच 'पुट अप'चं आणखी एक रूप आजही तिकडे रोजच्या बोलण्यात आहे. 'कॅन यू पुट मी अप फॉर द नाइट?' म्हणजे 'आजच्या रात्री मला तुमच्याकडे ठेवून घ्याल का?' इथे एक युक्ती ध्यानात ठेवा. माणूस मधे आला तर अर्थ आसरा देणे : 'पुट हिम अप'. माणूस शेवटी आला आणि त्याच्याआधी 'विथ' असलं तर अर्थ सोसणे : 'पुट अप विथ हिम'. 'पुट हिम अप विथ' असं काही नसतं. चार दिवस राहून निघालेला इंग्रज पाहुणा पुष्कळदा या दोन्हींची जोडी करून यजमानांचे आभार मानतो : 'थँक यू फॉर पुटिंग मी अप, अँड फॉर पुटिंग अप विथ मी!' म्हणजे 'मला ठेवून घेतलंत आणि वर सोसलंतही, त्याबद्दल आभार!' स्वतःविषयी असं बोललं की तो विनय. दुसऱ्याविषयी बोललं की झाली तक्रार.

'पुट अप'ची बाकीची कामं भराभर पाहून घेऊ. तंबू उभारणे, छत्री उघडणे, भिंतीवर चित्र लावणे, भाव वाढवणे, हे सगळं 'पुट अप'. निकराची झुंज देणे म्हणजे 'पुट अप अ फाइट'. पुढे 'टू' लागला की चिथावणे : खिडकीची काच बंड्यानं फोडली असेल, पण त्याला 'पुट अप टू इट' करणारा झाडामागे लपलेला असतो! 'पुट-अप जॉब' म्हणजे आधीच संगनमत करून रचलेला बनाव. आणि अमेरिकेतला 'पुट अप ऑर शट अप' म्हणजे, हिंमत असेल तर करून दाखव, नाहीतर गप्प बस. क्रिकेटच्या मैदानावर हे मराठीत कसं म्हणतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

अपमान खिशात

सोसण्याचा अर्थ 'पुट अप'ला चिकटला तरी कसा? त्याची गोष्ट मोठी छान आहे.

जुन्या इंग्रजीत 'पुट अप' म्हणजे एखादी वस्तू जागच्या जागी आत ठेवून देणे. तलवार म्यानात घालणे यालाही 'पुट अप'च म्हणत. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये तलवार म्यान करायला सांगताना हेच शब्द आलेत. वस्तू खिशात, थैलीत घालून ठेवणे यालाही तेच. आता डोळ्यांसमोर चित्र आणा. कुणीतरी चारचौघांत तुमचा अपमान केला. एक तर तुम्ही तलवार उपसाल, नाहीतर तो अपमान मुकाट्यानं उचलून खिशात घालाल आणि चालू लागाल. सोळाव्या शतकातले इंग्रज या दुसऱ्या प्रकाराला 'अपमान पुट अप करणे' असं म्हणत. तेव्हा शेपटीला 'विथ' नव्हता. तो मागाहून जोडला गेला आणि अठराव्या शतकात पक्का झाला. अपमान खिशात घालायची कल्पना इंग्रजीत अजून जिवंत आहे, 'पॉकेट ॲन इन्सल्ट' असा वाक्प्रचार आहे. आपण मराठी माणसं खिशाच्या भानगडीत पडलो नाही. आपण अपमान थेट गिळतो! आणि ज्याला जमतं तो तो पचवतोही.

बडदास्त आणि बरदाश्त

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत आवडती वाटते. एकाच 'पुट अप'चे पाहुण्याला ठेवून घेणे आणि सोसणे असे दोन अर्थ कसे झाले, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. 'इंग्रजी भाषाच वेडी', असं म्हणून झालं असेल. मग हे ऐका.

पाहुण्यांची उत्तम सरबराई झाली, की आपण मराठीत काय म्हणतो? 'छान बडदास्त ठेवली हो!' आणि हिंदी सिनेमातला नायक डोळे लाल करून काय म्हणतो? 'मैं यह बरदाश्त नहीं करूँगा!' बडदास्त, बरदाश्त. कान टवकारले ना? हे दोन्ही एकच शब्द आहेत! मूळ शब्द फारसीतला. 'बर' म्हणजे वर आणि 'दाश्तन' म्हणजे धरणे, राखणे. 'बरदाश्तन' म्हणजे वर उचलणे, वाहून नेणे. त्यातूनच हिंदी-उर्दूत 'बरदाश्त' म्हणजे सहन करणे झालं, आणि मराठीत आलेल्या शब्दाचं बोलता बोलता 'बडदास्त' होऊन अर्थ झाला काळजी घेणे, पाहुण्याची सोय पाहणे. म्हणजे इंग्रजीत जे एका 'पुट अप'चं झालं, तेच इकडे एका फारसी शब्दाचं झालं. त्यातही 'वर' आणि यातही 'वर'! हिंदी मामा तुम्हाला बरदाश्त करतात, मराठी मामा तुमची बडदास्त ठेवतात. ज्यांच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ-दहा भाचरं एकदम येऊन थडकतात, त्या मामींना विचारा. त्या म्हणतील, दोन्ही एकच!

भाईबंदांची ओळख

'पुट अप विथ'च्या ऐवजी कोणते शब्द वापरता येतील, असं परीक्षेत विचारतात आणि मुलं 'बेअर, स्टँड, टॉलरेट, एन्ड्युअर' अशी माळ ओवून टाकतात. गुण मिळतात, पण माळेतले मणी सारखे नसतात. एकाच्या जागी दुसरा ठेवला तर खटकतो.

'बेअर' म्हणजे मुळात ओझं वाहणे. (जंगलातल्या अस्वलाशी याचा काही संबंध नाही, नुसतं स्पेलिंग सारखं.) संस्कृतातला 'भृ' धातू आणि हा 'बेअर' एकाच प्राचीन कुळातले, म्हणजे आपला 'भार' हा त्याचा लांबचा भाऊच. दुःख, वेदना, खर्च, जबाबदारी, असं काही वजनदार असलं की 'बेअर' शोभतो. 'स्टँड' म्हणजे उभं राहणे. हाही नात्यातलाच, आपल्या 'स्था' धातूच्या घरचा. स्थान, स्थिर हे त्याचे भाऊबंद. सोसण्याच्या अर्थी 'स्टँड' बहुतेक वेळा नकारातच भेटतो : 'आय कान्ट स्टँड दॅट स्मेल', म्हणजे तो वास मला अगदी सहन होत नाही. उलट 'आय स्टँड दॅट स्मेल' असं कुणी म्हणत नाही. म्हणालात तर ऐकणारा तुमच्याकडे बघत राहील.

'टॉलरेट' लॅटिनमधून आला. त्याचं मूळ उचलणे, पेलणे या अर्थाचं, आणि आपली 'तुला', म्हणजे तराजू, त्याच मुळाची. हा शब्द कोट-टाय घालून फिरतो. सरकारी नोटिसा, शाळेचे नियम, डॉक्टरांचे कागद ही त्याची ठिकाणं. रोग्याला औषध 'टॉलरेट' झालं असं डॉक्टर लिहितात, त्याला मराठीत फार सुरेख शब्द आहे : औषध 'मानवलं'. 'एन्ड्युअर'ला वेळ लागतो. पाच मिनिटांचा कंटाळवाणा तास कुणी एन्ड्युअर करत नाही. वर्षानुवर्षांचा दुष्काळ, तुरुंगवास, दीर्घ आजार यांना तो शब्द.

मग आणखी एक मजेदार जोडी आहे, पोटातली. 'स्टमक' म्हणजे पोट, पण तो क्रियापद म्हणूनही चालतो : 'आय कान्ट स्टमक लाइज', मला खोटेपणा पचत नाही. मजा अशी, की पूर्वी याच 'स्टमक'चा अर्थ राग धरणे असा होता, नंतर तो उलटून सोसणे असा झाला. पण आपण तरी काय करतो? राग 'पोटात ठेवतो' आणि अपराध 'पोटात घालतो'! दुसरा शब्द 'ब्रुक'. ओढा या अर्थाचा 'ब्रुक' वेगळा. या 'ब्रुक'चा अर्थ आधी उपभोगणे, मग अन्न पचणे आणि मग चालवून घेणे असा सरकत गेला. आता तो म्हातारा झालाय, फक्त 'नाही'ची काठी टेकत चालतो : 'ही विल ब्रुक नो डिले', त्याला उशीर मुळीच चालणार नाही. निबंधात उगाच घालू नका, आजोबांचा कोट नातवानं घातल्यासारखं दिसतं.

आपल्या 'सहन'ची गोष्ट मात्र या सगळ्यांहून वेगळी आहे. वेदकाळच्या संस्कृतात 'सह्' या धातूचा अर्थ होता वरचढ होणे, जिंकणे! 'सहस्' म्हणजे बळ. त्यातूनच 'साहस' आला. म्हणजे 'सहनशील' आणि 'साहसी' हे सख्खे भाऊ. गप्प बसणारा तो सहनशील, असं आपण आता समजतो. मुळात तो जोरकस माणूस होता.

आणि भारतीय इंग्रजीनं यात स्वतःची भर घातलीय, ती विसरून कसं चालेल? 'थोडं ॲडजस्ट करा!' मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, तो या एका शब्दाच्या बळावर. इंग्लंडातला माणूस चष्मा ॲडजस्ट करतो, घड्याळ ॲडजस्ट करतो, फार तर नव्या जागेला 'ॲडजस्ट टू' करतो. 'प्लीज ॲडजस्ट' म्हणजे 'जरा सरका आणि माझी अडचण गोड मानून घ्या', हे त्याच्या लक्षात यायला त्याला गर्दीच्या वेळी कल्याणपर्यंतचा एक प्रवास करावा लागेल.

घरातले कपडे, बाहेरचे कपडे

'पुट अप विथ' घरगुती आणि 'टॉलरेट' भारदस्त, असं का? १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबार, कायदा, मेजवान्या यांची भाषा फ्रेंच झाली, विद्वानांची लॅटिन होतीच, आणि चुलीजवळ, शेतात, गोठ्यात जुनी इंग्रजी बोलली जात राहिली. म्हणून आजही लॅटिन-फ्रेंचमधून आलेले लांबलचक शब्द बाहेरच्या कपड्यांत असतात आणि 'पुट', 'गेट', 'अप', 'डाऊन' हे घरच्या कपड्यांत. मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना 'टॉलरेट' लिहावं, मित्राशी बोलताना 'पुट अप विथ' म्हणावं. उलट केलंत तर चूक नाही, पण लग्नाला बनियनवर गेल्यासारखं किंवा झोपताना सूट घातल्यासारखं वाटतं.

याच शब्दावरून विन्स्टन चर्चिल यांचा एक किस्सा नेहमी सांगतात. वाक्याच्या शेवटी 'विथ', 'फॉर', 'टू' असे शब्द येऊ नयेत, असा एक हट्ट इंग्रजी पंतोजींनी बरीच वर्षं चालवला. कवी जॉन ड्रायडन यानं १६७२ मध्ये त्याबद्दल नाक मुरडलं होतं, तिथून हे खूळ वाढलं. चर्चिलसाहेबांच्या मजकुरात कुणा कारकुनानं अशी 'चूक' दुरुस्त केली, तेव्हा त्यांनी समासात लिहिलं म्हणे, की हा असला आगाऊपणा 'अप विथ व्हिच आय विल नॉट पुट'! 'विथ' शेवटी नको ना? मग घ्या, सगळंच उलटं टांगून ठेवतो! किस्सा झकास आहे, पण तो चर्चिल यांचाच, याला पुरावा नाही. १९४२ साली असाच विनोद छापून आला होता, त्यात एका सरकारी खात्यातल्या बिननावाच्या माणसाची गोष्ट होती. चांगले विनोद मोठ्या माणसांच्या नावावर जमा होतात. आपल्याकडे बिरबलाचं नाही का तसंच! पण या विनोदातून एक नियम मात्र आयुष्यभर लक्षात राहतो : 'पुट अप विथ' हे तीन शब्द तोडायचे नाहीत, ओळीनं एकत्र ठेवायचे.

थोडं गंभीर

आता जे लिहितोय, ते आईबाबांनीही वाचावं.

'पुट अप विथ' बहुतेकदा दोन वाक्यांत ऐकू येतं. एक, 'यू विल जस्ट हॅव टू पुट अप विथ इट', म्हणजे इलाज नाही, चालवून घ्यावं लागेल. दुसरं, 'यू डोन्ट हॅव टू पुट अप विथ इट', म्हणजे हे खपवून घ्यायची तुला गरज नाही. मधे एक 'डोन्ट', एवढाच फरक. वर्गात बाकावर जागा कमी आहे, डब्यात तिसऱ्यांदा दुधीची भाजी आली, पावसानं सहल हुकली, यांना पहिलं वाक्य. पण शाळेच्या बसमध्ये एखादा मोठा मुलगा रोज तुमचा डबा हिसकावतो, रंगावरून, जातीवरून, तोतरेपणावरून नावं ठेवतो, मारायची धमकी देतो, किंवा कुणी नको तसा स्पर्श करतं, तर तिथे दुसरंच वाक्य लागू. मुलांची अडचण अशी होते, की घरी, शाळेत 'ॲडजस्ट कर', 'मनावर घेऊ नको', 'सोडून दे' हे पहिल्या जातीचं बोलणं त्यांनी इतकं ऐकलेलं असतं, की दुसरं वाक्य अस्तित्वात आहे हेच त्यांना कळत नाही. ती सांगत नाहीत, कारण सांगून उत्तर ठरलेलंच मिळणार असं त्यांना वाटतं. आईबाबांनो, या दोन वाक्यांतलं आपण कोणतं जास्त वेळा बोलतो, ते आठवून पाहाल का?

आणि दोस्तांनो, 'स्टँड' आणि 'स्टँड अप टू' यांत गल्लत करू नका. 'आय कान्ट स्टँड हिम' म्हणजे तो मला डोळ्यांसमोर नकोसा वाटतो. 'आय स्टुड अप टू हिम' म्हणजे मी त्याच्यासमोर ताठ उभा राहिलो, घाबरलो नाही. पहिलं वाक्य मनातल्या मनात बोलता येतं. दुसऱ्याला बरोबर एखादा मित्र, बाई, सर किंवा आईबाबा असले तर फार बरं पडतं. सोबत कुणी असलं म्हणून ते 'स्टँड अप टू' होत नाही, असं इंग्रजीतही कुठे लिहिलेलं नाही. घरी सांगायचा धीर होत नसेल, तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत.

चला, आता डोकं चालवा!

खाली पाच मराठी वाक्यं दिली आहेत. त्यांतल्या कोणत्या वाक्याला 'पुट अप विथ' बसेल, कोणत्याला नुसतं 'पुट अप' आणि कोणत्याला तिसरंच काही? पेन्सिल घ्या. उत्तरं लगेच खाली आहेत, पण तिकडे डोळा न वळवण्याइतका प्रामाणिकपणा आमच्या वाचकांत आहेच!

एक : गणपतीसाठी पोरांनी मांडव उभारला. दोन : रात्रभर कुत्री भुंकत होती, पण आम्ही काढली रात्र. तीन : शेवटची गाडी चुकली तेव्हा स्टेशनमास्तरांनी आम्हाला आपल्या घरी ठेवून घेतलं. चार : पाऊस आल्यामुळे सामना पुढे ढकलला. पाच : तिला चुगलखोर मुलं अगदी खपत नाहीत.

उत्तरं : पहिल्याला 'पुट अप'. दुसऱ्याला 'पुट अप विथ', म्हणजे कुत्र्यांच्या भुंकण्याला. तिसऱ्याला 'पुट अस अप', 'अस' मधे, 'विथ' नाही! चौथा फसवा, तिथे 'पुट ऑफ'. पाचव्याला 'पुट अप विथ' चालेल, पण 'शी कान्ट स्टँड' जास्त झणझणीत. पाचही बरोबर आली असतील, तर तो मामांबद्दलचा कागद शोधून काढा आणि 'पुटिंग अप' खोडून वर 'स्टेइंग' लिहा. मामींच्या हाती लागायच्या आत!